दोन गाण्यांवरचे घर

त्या राज्यात पाखरे वाढत होती आणि उंबर वाढत नव्हता.

उंबर एकच होता. राज्यात इतर झाडेही होती, पण त्यांना बहर येई आणि जाई. उंबर मात्र बाराही महिने बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फळांनी लगडलेला असे. त्यामुळे जो तो पोट घेऊन उंबरावर येई, आणि एकदा आलेला सहसा परत जात नसे. आधी फांद्या भरल्या, मग ढोल्या भरल्या, मग ज्यांना ढोली म्हणणे धाडसाचे ठरेल अशा भेगाही भरल्या. म्हातारी पाखरे सांगत की एके काळी इथे दोन्ही पंख पसरून आळस देता येत असे. तरुण पाखरांना ही शुद्ध थाप वाटे.

उंबराचे एक गाणे होते. सात ओळींचे, तसे साधेच. ते ज्याला पूर्ण येई तो उंबराचा. ज्याला येत नसे त्याने खाली गुरांच्या पायांत किडे टिपावेत, असा नियम होता. गाणे बापाने पिलाला द्यायचे, आणि तेही पिलू मोठे होण्याआधी. त्या राज्यात गप्प उडणे असभ्य मानले जाई, म्हणून सगळे उडतानाही तेच गाणे म्हणत आणि अंतरेही त्यावरच मोजत. नदी अर्ध्या गाण्यावर होती, चिंच एका गाण्यावर. कोणी कुठे राहतो असे विचारले की उत्तर गाण्यांत येई, आणि त्यावरून त्याला कितपत मान द्यायचा हे ठरे. मोजताना गाणे कोणी म्हणायचे आणि किती संथ म्हणायचे, हे मात्र कुठेच ठरलेले नव्हते. तशी गरज कोणाला वाटली नव्हती.

या उंबराच्या दक्षिण अंगाला, एका भेगेत, साळुंक्यांचे एक जोडपे राहत होते. नवऱ्याचे नाव केरबा. त्याच्या सात पिढ्या उंबरावरच्या. बायको मंजुळा, माहेरची दूरच्या खाडीकाठची. भेग राघूच्या मालकीची होती, म्हणजे राघूच्या पणजोबाने ती सर्वांत आधी पाहिली होती. राघू वरच्या प्रशस्त ढोलीत राही, प्रत्येक फळ अर्धे खाई आणि उरलेले खाली टाकी. ते बरोबर केरबाच्या डोक्यावर पडे. मिळवलेल्या दर दहा फळांतली चार भाड्यापोटी वर जात आणि त्यांतलीच अर्धी अशी खाली येत. भेगेत एक जण बसला की दुसऱ्याने बाहेर लोंबकळायचे, अशी घरातली शिस्त होती.

अशात मंजुळेला अंडे घालायचे झाले, आणि ते ठेवायला जागा नव्हती.

"अंडं म्हणजे तिसरा भाडेकरू," राघूने वरून सांगितले. "सहा फळं पडतील."

"अहो, ते अजून अंडंसुद्धा नाही," केरबा म्हणाला.

"म्हणूनच सहा. पिलू झालं की आठ."

त्या दिवसापासून दोघे घर शोधू लागली.

जवळच्या जांभळावर एक ढोली रिकामी होती, पण तिच्यासाठी आधीच चौदा जोडपी रांगेत होती आणि रांगेतल्या दोघांची रांगेतच लग्ने लागली होती. पुढे चिंच होती. स्वच्छ, शांत, सावली दाट. चिंचेवर होल्यांची वस्ती होती. त्यांच्या प्रमुखाने दोघांना आदबीने बसवले, पाणी विचारले, आणि मग घसा खाकरून म्हणाला, "एकच प्रश्न. आपण किडे खाता का? आमच्याकडे फक्त दाणे चालतात."

"छे, छे," केरबा म्हणाला. "आम्ही फळांवर असतो."

नेमकी त्याच वेळी समोरच्या डहाळीवरून एक लठ्ठ हिरवी अळी चालली. केरबाने जिवाच्या कराराने नजर आकाशाकडे लावली. मंजुळेची मान मात्र अळीबरोबर वळत गेली, अळी पानामागे जाईपर्यंत. होल्याने पाण्याचे विचारणे थांबवले.

त्यानंतर त्यांनी काटेसावर पाहिली. घर मोठे होते, हवेशीर होते, भाडे नावापुरते होते, फक्त बसायला जागा नव्हती. "जपून बसायची सवय होते," तिथला एक कावळा म्हणाला. तो एका पायावर उभा होता आणि दुसरा पाय कुठे ठेवावा याचा विचार करीत होता.

सावरीवरून परतताना मंजुळा खूप थकली. नदीकाठच्या दगडावर ती बसली आणि आपण हे अंडे पाण्यातच सोडणार की काय, असे वाटून तिला रडू आले. तिथेच त्यांना पीतांबर भेटला.

पीतांबर हा हळद्या पक्षी. बारा महिने लग्नाला निघाल्यासारखा पिवळाजर्द, डोळ्याला काजळाची रेघ, आणि आवाज असा गोड की आपण कशासाठी आलो होतो याचाच ऐकणाऱ्याला विसर पडावा. घरे दाखवणे हा त्याचा धंदा होता. तो स्वतः कुठे राहतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

"वहिनी, तुम्ही भलत्याच दिशेला शोधताय," तो म्हणाला. "जो उठतो तो उंबराच्या आसपास शोधतो. तिथे आता काय राहिलंय? मी तुम्हाला उद्याची जागा दाखवतो."

"किती लांब?" केरबाने विचारले.

"लांब?" हा शब्द पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखी पीतांबरने मान तिरपी केली. "दोन गाणी."

"दोनच?"

"दोनच. मी सांगतो म्हणून मानू नका, उंबरापासून माझ्याबरोबर चला आणि तुम्हीच मोजा."

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, तिघे उंबरावरून निघाली. पीतांबर गाऊ लागला. पहिल्या ओळीचे पहिले अक्षर त्याने जे धरले ते नदी ओलांडून गेल्यावरच सोडले. दुसऱ्या ओळीत त्याने एक मुरकी घेतली, ती आवडली म्हणून पुन्हा घेतली. ओळ संपली की तो थांबे आणि पंखाने खाली दाखवी. "इथे ओढा येणार आहे," तो म्हणे. खाली वाळके गोटे होते. "इथे आमराई होतेय. कोय पडलेली आहे." बोलण्यात जाणारा वेळ अर्थातच गाण्यात धरायचा नव्हता. पहिले गाणे संपले तेव्हा ते एका काळ्या खडकावर होते. पुढे नुसता माळ होता. पीतांबरने दुसरे गाणे सुरू केले आणि त्याचा शेवटचा स्वर, खूप वेळाने, एका जुन्या शिरीषाच्या फांदीवर अलगद उतरवला.

"झाली दोन," तो म्हणाला.

"अहो," मंजुळा हळूच म्हणाली, "माझे पंख तर पाच गाणी उडाल्यासारखे भरून आलेत."

"पंखांचं काय ऐकतेस?" केरबा म्हणाला. " मी स्वतः मोजलंय. दोन झाली."

जागेचे नाव उंबरछाया असे होते. उंबर तिथून दिसत नव्हता. "मग त्याची छाया इथे कशी पडते?" असे मंजुळेने विचारले, तेव्हा पीतांबर म्हणाला की सूर्य एखाद्या दिवशी फारच खाली उतरला तर न पडायला काही कारण नाही. शिरीषावर वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या. एक तांबट सकाळपासून ढोल्या कोरत होता. घरे कधी तयार होतील असे विचारले की तो टुक-टुक म्हणे, आणि पाणी कुठून येणार असे विचारले तरी टुक-टुकच म्हणे. ज्याने त्याने हवा तो अर्थ घ्यावा.

मंजुळा एका ढोलीत शिरली. आत लाकडाचा ताजा वास होता. ती एका कोपऱ्यात गेली, मग दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिने एक गिरकी घेतली, आणि घेता आली म्हणून आणखी एक घेतली. मग आतून तिचा आवाज आला.

"अहो, आत या. मी आत असताना या."

केरबा आत गेला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोघे एका छपराखाली एका वेळी उभी होती, आणि तरीही मधे जागा उरली होती, साधारण एका पिलाएवढी. केरबाला एकदम भरून आले. तो बाहेर येऊन पीतांबरला "ठरलं" एवढेच म्हणाला. भाडे दहात एक होते.

पहिल्या सकाळी केरबा ऐटीत निघाला आणि नेहमीच्या लयीत गाऊ लागला. दुसरे गाणे संपले तेव्हा तो अजून काळ्या खडकापर्यंतही पोचला नव्हता. आपले काही तरी चुकले असे समजून त्याने तिसरे गाणे म्हटले, मग जरा घाबरून चौथे म्हटले, आणि पाचव्याच्या शेवटी उंबराला त्याचे पाय लागले. पिकलेली फळे तोवर जवळच्यांनी उडवली होती. राघूने अर्धी टाकलेली तेवढी उरली होती. पूर्वी ती आपण होऊन डोक्यावर पडत, आता ती पाचोळ्यात शोधावी लागली. संध्याकाळी परतताना माळावरचा वारा समोरून आला. तोंड उघडले की वारा तोंडात शिरे, आणि न गाता उडणे केरबाच्या सात पिढ्यांत कोणी केले नव्हते. तो धापा टाकत गात आला.

दुसऱ्याच दिवशी त्याने पीतांबरला गाठले. "तुम्ही दोन म्हणालात. पाच होतात."

"माझी दोनच झाली होती. तुम्ही सोबत होतात," पीतांबर शांतपणे म्हणाला. "बरं, जरा म्हणून दाखवा पाहू गाणं."

केरबाने म्हणून दाखवले. पीतांबरने डोळे मिटून ऐकले आणि खेदाने मान हलवली.

"केरबा, गाणं असं पळत म्हणायचं असतं का? वाडवडिलांनी दिलेलं गाणं ते. तुम्ही ते उरकताय. घर जागच्या जागी आहे हो, जरा आपल्या गळ्याकडे बघा."

भांडायला गेलेला केरबा क्षमा मागून परतला. पुढचे काही दिवस त्याने संथ गाण्याचा मनापासून प्रयत्न केला. पण संथ गायला दम लागतो, आणि दम सगळा उडण्यात जात होता. पीतांबरला गाताना कुठे पोचायचे नसे. केरबाला रोज पोचायचे होते.

उंबरावर ओळखीचे विचारत, "कसं काय, नवं घर किती लांब?" केरबा म्हणे, "दोन गाणी." पहिल्यांदा म्हणताना त्याला लाज वाटली. पण खरे सांगायचे तर आपण फसलो हेही सांगावे लागले असते. शिवाय माळावर शेजार नव्हता, आणि मंजुळा दिवसभर अंड्यावर बसून शिरीषाच्या शेंगांशी बोलत असे. ते त्याला बघवत नव्हते. दोन गाणी हे ऐकून त्याचा चुलतभाऊ आला, मग चुलतभावाचा मेहुणा आला, आणि पाहता पाहता शिरीषाच्या ढोल्या भरत गेल्या. आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच सकाळी काय ते कळे. कोणी केरबाला एक शब्द बोलले नाही. पुढे कोणी विचारले तर तेही दोनच सांगत, त्यांनाही शेजार हवाच होता.

यथावकाश अंडे फुटले. पिलाचे नाव ठकी ठेवले. ढोलीत ती इतका धुडगूस घाली की या एका गोष्टीसाठी आपण पाच गाणी काय, दहाही उडू, असे केरबाला वाटे.

पण ठकी वाढू लागली तशी मंजुळेच्या मनात एक काळजी घर करून बसली. गाणे बापाने द्यायचे होते. तिचे स्वतःचे गाणे खाडीकाठचे, ते उंबरावर चालणारे नव्हते. आणि बाप तर उजाडताना जाई आणि दिवस बुडताना येई. आल्यावर तो ठकीला मोठ्या हौसेने समोर बसवी, पहिली ओळ म्हणे, आणि दुसरीच्या मध्यावर त्याची मान पंखात जाई. ठकी पहिली ओळ शिकली, दुसरी अर्धी शिकली, आणि त्यापुढे घोरायला शिकली. तिने ते सगळे सलग म्हणून दाखवले तेव्हा मंजुळा आधी पोट धरून हसली, आणि मग तिला हसणे आवरून रडावेसे वाटले.

"अहो, तिच्या डोळ्यामागे पिवळं दिसायला लागलंय, मोठी होत चालली ती," ती सुट्टीच्या एका पावसाळी दुपारी म्हणाली. "महिन्याभरात गाणं ऐकणाऱ्या बयाआत्यापुढे उभी राहील ती. गाणं आलं नाही तर जन्मभर म्हशींच्या खुरांत फिरेल. यासाठी आलो आपण इथे?"

"मी काय गात नाही का?" केरबा चिडून म्हणाला. "रोज गातो. जाताना अख्खं गातो, येताना अख्खं गातो. पाच-पाच वेळा गातो!"

पाच हा आकडा त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला. बाहेर शेंगा खुळखुळत राहिल्या.

"मला ठाऊक होतं," मंजुळा म्हणाली. "माझ्या पंखांनी मोजलं होतं." मग तिने ठकीकडे पाहिले. "तुम्ही वाटेवर गाता ना? मग ती वाटेवर येईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठकी फांदीच्या टोकाला जाऊन बसली. बाप येताना दिसला आणि गाण्याची शेवटची ओळ तिच्या कानावर पडली. ती तिने पाठ केली. पुढच्या दिवशी ती माळावरच्या पहिल्या बाभळीपर्यंत उडाली. तिथे तिला सहावी ओळ मिळाली. तिसऱ्या दिवशी ती वारुळापर्यंत गेली आणि पाचवी घेऊन आली. अशी ती रोज एक ओळ पुढे सरकत बापाला सामोरी गेली आणि गाणे शेवटाकडून आरंभाकडे शिकत गेली. आठवड्याने, केरबा जिथे आपले अखेरचे गाणे सुरू करी त्या जागी ती आधीच हजर होती. तिथून पुढे दोघे सुरात सूर मिसळून गात घरी आले. केरबाला त्या दिवशी वारा लागलाच नाही, असे तो मंजुळेला म्हणाला. धापा मात्र तो नेहमीइतक्याच टाकत होता.

तिचे पाहून चुलतभावाची दोन्ही पिले निघाली, मेहुण्याची तीन निघाली. दिवस कलला की उंबरछायेची सगळी पिले माळावर आपापल्या बापांना शोधत पुढे जात आणि जोडीजोडीने गात परत येत. ढोल्यांच्या तोंडाशी बसलेल्या आया तो गलका ऐकून एकमेकींकडे पाहत.

गाणे म्हणून दाखवण्याचा दिवस आला. उंबराच्या थोरल्या फांदीवर बयाआत्या बसली होती. ती सर्वांत वृद्ध साळुंकी. आजवर तिने हजारो पिलांची गाणी ऐकली होती आणि तिच्यापुढे चुकलेले पिलू दुसऱ्यांदा उभे राहत नसे. उंबरावरची पिले भराभर म्हणून गेली. मग ठकीचे नाव आले. केरबा बाजूच्या डहाळीवर बसला होता आणि त्याच्या नख्या सालीत रुतल्या होत्या.

ठकीने पहिली ओळ म्हटली, आणि एक धाप टाकली. मोठी, छाती भरून. मग दुसरी ओळ म्हटली आणि दोन धापा टाकल्या. चौथी ओळ तिने मधेच तोडली, मान खाली घालून समोरून काही तरी येत असल्यासारखा जोर लावला, आणि मग पुरी केली. सहाव्या ओळीआधी ती पुरतीच थांबली. मान उंच केली, दूरवर काही तरी दिसते का ते पाहिले, दिसले असावे, कारण तिचा चेहरा खुलला. त्यानंतरच तिने उरलेल्या दोन ओळी म्हटल्या.

वरच्या फांद्यांवर खसखस पिकली. राघूच्या चोचीतून फळ पडले.

"शब्द सगळे बरोबर आहेत," बयाआत्या म्हणाली. "पण हे मधे मधे काय करतेस गं?"

"काय करते?"

"हे. हा श्वास. हे थांबणं."

"ते गाण्यातच आहे," ठकी गोंधळून म्हणाली. "चौथीत जोर लावायचा असतो. सहावीच्या आधी मान वर करायची असते, आई दारात आहे का बघायला. बाबा असंच म्हणतात."

बयाआत्याने केरबाकडे पाहिले. "केरबा, तुझं आहे का रे हे गाणं?"

केरबाला वाटले, पायाखालची फांदी मोडली तर बरे. आपल्या धापा आपल्यालाच कधी ऐकू आल्या नव्हत्या. त्या आता त्याच्या लेकीच्या कोवळ्या गळ्यातून साऱ्या उंबराने ऐकल्या होत्या. नाही म्हणावे तर ती म्हशींच्या खुरांत जाणार होती.

"माझंच आहे," तो म्हणाला. "असंच म्हणतो मी."

बयाआत्याने पुढच्या पिलाला बोलावले. तेही उंबरछायेचे होते. त्यानेही पहिल्या ओळीनंतर एक धाप टाकली, दुसरीनंतर दोन टाकल्या, चौथीत जोर लावला आणि सहावीआधी मान वर केली. तिसऱ्यानेही तेच केले. चौथ्याला राघू हसला, पण त्याला साथ द्यायला कोणी उरले नव्हते. अकरावे पिलू म्हणून झाले तेव्हा उंबरावर पान हलल्याचा आवाज ऐकू येत होता.

"तुमच्याकडे वारा फार असतो का गं?" बयाआत्याने ठकीला विचारले.

"संध्याकाळी असतो."

गाणे पूर्ण असावे आणि बापाकडून आलेले असावे, एवढाच नियम होता. "बस फांदीवर," बयाआत्या शेवटी म्हणाली. "तुम्ही सगळे बसा."

ठकी उंबराच्या फांदीवर बसली आणि तिने तिथले पहिले फळ खाल्ले. केरबाने तोंड फिरवले, कारण त्याचे डोळे भरले होते आणि भोवती ओळखीचे फार होते.

दिवस कलताना दोघे घरी निघाले. ठकी गाऊ लागली. आज तिला पहिल्यांदाच उंबरापासून गायचे होते, म्हणून ती अगदी मन लावून, एकही धाप न गाळता गात होती. केरबाचा ऊर भरलेला होता. तो स्वतः गायलाच नाही, तिचेच ऐकत राहिला. ऐकता ऐकता, जुन्या सवयीने, तो मोजू लागला; येतानाची गाणी धापांच्या भरात त्याने कधी मोजलीच नव्हती, पाचच धरली होती. नदी गेली, वाळके गोटे गेले. तिचे पहिले गाणे संपले तेव्हा त्याने खाली पाहिले. खाली काळा खडक होता.

केरबाचा एक पंख चुकला. तो सावरला आणि पुन्हा मोजू लागला. ठकीने दुसरे गाणे सुरू केले. माळ आला, वारा आला, चौथ्या ओळीत तिने जोर लावला. वारूळ मागे पडले, बाभूळ मागे पडली. सहाव्या ओळीआधी तिने मान वर केली, आणि खरेच मंजुळा ढोलीच्या दारात उभी होती. सातव्या ओळीचे शेवटचे अक्षर संपले आणि ठकीचे पाय शिरीषाच्या फांदीला लागले.

शेजारच्या फांदीवर पीतांबर बसला होता. त्याच्याबरोबर साळुंक्यांचे एक नवे जोडपे होते. बायको जडावलेली दिसत होती. पीतांबरने या वेळी गळा साफही केला नव्हता. त्याने फक्त पंख ठकीकडे केला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," तो जोडप्याला म्हणाला. "ही मुलगी आत्ता उंबरावरून आली. तिलाच विचारा."

"किती झाली गं?" नव्या नवरीने विचारले.

"दोन," ठकी म्हणाली.

नवरीचा चेहरा उजळला. तरी खात्री करून घ्यावी म्हणून ती केरबाकडे वळली. "खरंच दोन, काका?"

केरबाने लेकीकडे पाहिले. मग दारातल्या मंजुळेकडे पाहिले. ती त्याच्याकडेच पाहत होती.

"दोन," तो म्हणाला, थांबला, छाती भरून एक श्वास घेतला, आणि म्हणाला, "दोनच."